टीमक्समध्ये स्वतःचे शॉर्टकट: बसवायला सोपे, बिघडले की कुठे शोधायचं (माझा रिव्ह्यू)

टीमक्स म्हणजे एकाच टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) अनेक कामं एकत्र चालू ठेवणारा प्रोग्रॅम. हा रिव्ह्यू अख्ख्या टीमक्सचा नाही, एका भागाचा आहे. स्वतःचे कीबोर्ड शॉर्टकट बसवणं आणि ते चालले नाहीत की कारण शोधणं, एवढंच. कारण टीमक्स वापरणारे बहुतेक लोक मध्येच सोडून देतात ते याच जागी. पेन (स्क्रीनचे भाग) फोडता येतात, विंडो उघडतात, एसएसएच (दुसऱ्या मशीनशी जोडणी) तुटलं तरी काम चालू राहतं, सगळं आवडतं, आणि मग कुठूनतरी एक कॉन्फिग फाईल (सेटिंगची फाईल) उचलून आणतात, त्यातले निम्मे शॉर्टकट चालत नाहीत आणि का चालत नाहीत हे कुणी सांगत नाही.

आधीच सांगून टाकतो, कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, आणि जिथे कॅपिटल-स्मॉलचा फरक पडतो तिथे तसं लिहिलंय.

माझं मत असं की शॉर्टकटच्या बाबतीत टीमक्स हे टर्मिनलच्या दुनियेतलं सगळ्यात विश्वासू सॉफ्टवेअर आहे. तुम्ही सांगितलं तेवढंच करतं, काय काय बांधलंय (म्हणजे कुठल्या कीला कुठली कमांड दिलीय) ते विचारलं की पूर्ण दाखवतं, आणि कुठलाही शॉर्टकट का चालत नाही हे शोधायला लागणारी बहुतेक साधनं त्याच्या आतच आहेत. पण स्वतःहून ते एक शब्द बोलत नाही. चुकीची की दाबली, गप्प. की पोचलीच नाही, तरी गप्प. या गप्पपणामुळे माणूस टीमक्सला शिव्या घालतो, आणि खरं कारण बहुतेक वेळा टीमक्सच्या बाहेरच असतं.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टीमक्स निकोलस मॅरियटने 2007 मध्ये सुरू केलं, 2009 पासून ते ओपनबीएसडीच्या मूळ सिस्टिममध्येच येतं. त्याच्या आधी लोक ग्नू स्क्रीन वापरायचे, ते 1987 चं. स्क्रीनची प्रीफिक्स की कंट्रोल-ए, टीमक्सची कंट्रोल-बी. प्रीफिक्स म्हणजे आधी ती दाबायची, सोडायची, मग पुढची की. कंट्रोल-बी मग सी, नवी विंडो. कंट्रोल-बी मग डी, बाहेर, पण सेशन (आत उघडलेलं सगळं काम) मागे चालूच. हे सगळं बदलता येतं, एकूण एक, अगदी प्रीफिक्ससुद्धा.

आता मुद्द्याचं. तुम्ही की दाबता तेव्हा ती सरळ टीमक्सकडे जात नाही. आधी ऑपरेटिंग सिस्टिम बघते, तिला हवी असेल तर तीच गिळते. मग टर्मिनलचा ॲप बघतो, गनोम टर्मिनल, आयटर्म, विंडोज टर्मिनल जे असेल ते. त्यातून वाचली तर टीमक्सकडे येते, टीमक्स आपल्या रूट टेबलमध्ये (टेबल म्हणजे बांधलेल्या कींची यादी, रूट म्हणजे प्रीफिक्स न लागणाऱ्या कींची) शोधतो, सापडली नाही तर पेनमध्ये चाललेल्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे बॅश (कमांड घेणारा शेल) किंवा विम (एडिटर) यांच्याकडे, सोडून देतो. प्रीफिक्स दाबलेला असेल तर रूटऐवजी प्रीफिक्स टेबलमध्ये शोधतो. कॉपी मोडमध्ये (मागे सरकून मजकूर कॉपी करायच्या मोडमध्ये) असाल तर त्याचं टेबल तिसरंच. एवढा प्रवास डोळ्यासमोर ठेवला की अर्ध्या तक्रारी तिथेच सुटतात, कारण प्रश्न बदलतो, "चालत का नाही" हे राहत नाही, "कुठल्या टप्प्यावर अडली" हे होतं.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट आधी घेतो. कॉन्फिग फाईलमधून एक ओळ काढली, सोर्स-फाईल करून पुन्हा लोड केली, तरी जुना शॉर्टकट जिवंतच. हे बग नाही. टीमक्सचा सर्व्हर मागे चालू असतो, फाईल तो फक्त सुरू होताना स्वतःहून वाचतो, नंतर तुम्ही लोड केली की त्यातल्या कमांड एकेक करून पुन्हा चालवतो, बस. जी ओळ आता फाईलमध्ये नाहीच तिच्याबद्दल त्याला कसं कळणार? बांधलेलं सुटत नाही जोवर तुम्ही अनबाइंड म्हणत नाही. आणि याचं उलटंही होतं, म्हणजे महिनोन्महिने चालू असलेल्या सर्व्हरमध्ये एखादा शॉर्टकट मस्त चालतो, मशीन रिस्टार्ट होते आणि तो गायब, कारण तो फाईलमध्ये कधी नव्हताच, कधीतरी हाताने कमांड देऊन बांधलेला. म्हणून शंका आली की किल-सर्व्हर, आणि नव्याने सुरुवात. पण थांबा, किल-सर्व्हर केलं की सगळी सेशन्स जातात, आत चाललेली कामं पण जातात. प्रॉडक्शनच्या मशीनवर लांबलचक बॅकअप चालू असताना हे करू नका प्लीज.

त्यापेक्षा चांगला रस्ता आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. टीमक्स, डॅश कॅपिटल एल, पुढे काहीही नाव द्या, समजा "टेस्ट". याने वेगळ्या सॉकेटवर (सर्व्हरशी जोडायच्या जागेवर) वेगळा सर्व्हर उठतो, तुमच्या चालू सेशन्सना धक्का लागत नाही. त्यालाच डॅश स्मॉल एफ देऊन पुढे स्लॅश डेव्ह स्लॅश नल लिहिलं तर कुठलीच कॉन्फिग न वाचता कोरा टीमक्स उघडतो. कोऱ्या टीमक्समध्ये की चालली आणि तुमच्यात नाही चालली तर दोष तुमच्या फाईलचा किंवा प्लगिनचा. कोऱ्यातही नाही चालली तर फाईल उघडूच नका, बाहेर बघा. या एका सोयीसाठी मी टीमक्सला वेगळे मार्क देईन.

दुसरं हत्यार लिस्ट-कीज. नुसतं टाकलं की बांधलेलं सगळं दिसतं, कुठल्या टेबलात, कुठली की, कुठली कमांड. यादी मोठी असते, ग्रेप (हव्या त्या ओळी गाळून देणारी कमांड) लावा. हवं तर डॅश कॅपिटल टी देऊन एकच टेबल मागा, रूट किंवा प्रीफिक्स किंवा कॉपी-मोड-व्हीआय. इथे एक गंमत कळते जी फाईल कितीही वाचून कळत नाही, की तुम्ही लिहिलेलं एक आणि टीमक्सने समजून घेतलेलं भलतंच. पेन बदलायच्या सिलेक्ट-पेनमध्ये डॅश कॅपिटल एल म्हणजे डावीकडचा पेन आणि डॅश स्मॉल एल म्हणजे आधी होतात तो पेन. दोनच पेन असतील तर दोन्ही सारखंच वागताना दिसतं, तिसरा उघडला की गोंधळ. यादीत बघितलं की लगेच दिसतं. प्लगिन वापरणाऱ्यांनी तर ही यादी बघायलाच पाहिजे, कारण प्लगिन मॅनेजरची ओळ फाईलच्या तळाशी असते आणि शेवटी जो बांधेल त्याचं चालतं, म्हणजे वर तुम्ही कितीही छान लिहा, खाली प्लगिनने तीच की घेतली तर तुमची गेली.

आणि शॉर्टकटची कमांड चुकतेय की मुळात कीच पोचत नाहीये हे वेगळं करायचं असेल तर ती की तात्पुरती डिस्प्ले-मेसेजला बांधा. बाइंड, की, डिस्प्ले-मेसेज, "पोचली". दाबल्यावर खालच्या पट्टीवर "पोचली" आलं तर की ठीक आहे, कमांड बघा. नाही आलं तर कमांडशी खेळत बसू नका.

की पोचत नाही म्हणजे काय होतं ते जवळून दाखवतो. ऑफिसातल्या एका ज्युनिअरने नवीन मॅकबुकवर आपली लिनक्सची कॉन्फिग फाईल आणली, त्यात ऑल्ट-एच, जे, के, एल यांना पेन बदलायचं काम दिलेलं, प्रीफिक्स न लावता. मला म्हणाली, "दादा, हे बघ ना, ऑल्ट-जे दाबलं की त्रिकोण येतोय." खरंच, प्रॉम्प्टवर छोटा त्रिकोण. एल दाबलं की एक वाकडी रेघ. मॅकवर ऑप्शन की मुळात विशेष चिन्हं टाइप करायला आहे, ऑप्शन-जे म्हणजे तो त्रिकोण, म्हणजे टर्मिनल टीमक्सला ऑल्ट-जे पाठवतच नव्हतं, एक युनिकोड अक्षर पाठवत होतं. टीमक्सने ते इमानदारीत बॅशला दिलं. तिची फाईल शंभर टक्के बरोबर होती. मी तिला टीमक्सच्या बाहेर यायला सांगितलं आणि कॅट डॅश व्ही (कीमधून नेमकं काय येतंय ते दाखवणारी कमांड) चालवून ऑल्ट-जे दाबायला सांगितलं. जिथे वर टोपी, उघडा चौकोनी कंस आणि जे असं दिसायला हवं होतं तिथे भलतीच अक्षरं आली. मग ॲपलच्या टर्मिनलच्या सेटिंगमध्ये कीबोर्डखाली ऑप्शन की मेटा (म्हणजे ऑल्ट) म्हणून वापरायचं टिकमार्क केलं, पुन्हा कॅट, आता बरोबर टोपी-कंस-जे. टीमक्समध्ये परत गेलो, चारही दिशा चालू. आयटर्ममध्ये हेच सेटिंग प्रोफाईलच्या कीज टॅबमध्ये असतं, तिथे लेफ्ट ऑप्शन कीला एस्केप-प्लस करायचं. कॉन्फिग फाईलला हात लावला नाही.

कॅट डॅश व्ही ही चाचणी पाठच करून ठेवा. आधी टीमक्सच्या बाहेर, मग आत, दोन्हीकडे दाबून बघायचं. बाहेर काहीच उमटलं नाही तर ऑपरेटिंग सिस्टिमने किंवा टर्मिनलने की खाल्ली. मॅकवर कंट्रोल आणि डावा-उजवा बाण मिशन कंट्रोल घेतो, स्पेस बदलतात. गनोम टर्मिनलमध्ये ऑल्ट-1 ते ऑल्ट-9 टॅब बदलायला आहेत, त्यामुळे ऑल्ट-आकडा विंडोला बांधणाऱ्यांचे शॉर्टकट दुसरा टॅब उघडेपर्यंत चालल्यासारखे वाटतात आणि नंतर टॅबच उडायला लागतात. विंडोज टर्मिनलमध्ये ऑल्ट-शिफ्टवाल्या काही की त्याचे स्वतःचे पेन फोडतात, तुम्हाला वाटतं टीमक्सने फोडला.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी यातलं एक खास. कंट्रोल-स्पेस ही प्रीफिक्स म्हणून खूप लोकांना आवडते, दोन्ही हातांना सोपी. पण मॅकवर एकापेक्षा जास्त भाषांचे कीबोर्ड चालू असले की कंट्रोल-स्पेस भाषा बदलायला जाते. म्हणजे इंग्रजीच वापरणाऱ्या सहकाऱ्याच्या मशीनवर चालणारी फाईल आपल्याकडे येऊन मरते, आणि आपण विचार करत बसतो की फरक काय. फरक हा. सिस्टिम सेटिंगमध्ये इनपुट सोर्सचा शॉर्टकट बंद करा किंवा प्रीफिक्स बदला.

त्याच्या पुढची पायरी. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला आणि टीमक्समध्ये प्रीफिक्स दाबून सी दाबलं तर सी नाही जात, म जातो, कारण इन्स्क्रिप्टमध्ये त्या जागी म आहे. कंट्रोलसोबतची की बहुतेक टर्मिनल इंग्रजी लेआउट धरून पोचवतात, त्यामुळे प्रीफिक्स लागतो पण पुढची की ओळखली जात नाही, आणि काहीच होत नाही. इथे टीमक्सची एक गोष्ट मला मनापासून आवडली, त्याला युनिकोड अक्षरं की म्हणून चालतात. बाइंड म न्यू-विंडो असं सरळ लिहा, लोकेल (सिस्टिमची भाषेची सेटिंग) यूटीएफ-8 असेल तर चालतं. एनच्या जागी ल आहे, तो नेक्स्ट-विंडोला, पीच्या जागी ज आहे, तो प्रीव्हियस-विंडोला. तीन ओळी टाकल्या की मराठीत मजकूर लिहिता लिहिता विंडो बदलायला कीबोर्ड बदलावा लागत नाही. रशियन लोक सिरिलिक अक्षरांसाठी हेच करतात. मात्र फोनेटिक पद्धत वापरत असाल तर याचा फार उपयोग नाही, तिथे पहिलं अक्षर पुढची की दाबेपर्यंत इनपुट मेथडमध्येच अडकून राहतं, टीमक्सपर्यंत येतच नाही.

आता अशा की ज्या कधीच चालणार नव्हत्या. कंट्रोल-आय वेगळी बांधायला गेलात तर टॅब मोडतो. कंट्रोल-एम बांधलात तर एंटर मोडतो, आणि तो मोडला की मग कमांडच देता येत नाही, चांगलीच फजिती. कारण जुन्या टर्मिनलच्या पद्धतीत कंट्रोल दाबलं की अक्षराच्या आस्की आकड्यातून (अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकातून) 64 वजा होतात. आय 73, वजा 64, राहिले 9, आणि 9 म्हणजेच टॅब. एम 77, राहिले 13, तो एंटर. उघडा चौकोनी कंस 91, राहिले 27, तो एस्केप. टीमक्सकडे एकच बाइट येतो, कुठल्या बोटाने दाबला ते त्याला कळायला मार्ग नाही. कंट्रोल-शिफ्ट-अक्षराचंही तसंच, साध्या पद्धतीत ते कंट्रोल-अक्षरासारखंच दिसतं. यावर उपाय आहे, 3.2 या आवृत्तीपासून एक्सटेंडेड-कीज नावाचा ऑप्शन आला, तो चालू करायचा, आणि टर्मिनल-फीचर्समध्ये आपल्या टर्मिनलसाठी एक्स्टकीज (ई-एक्स-टी आणि कीज, मध्ये डॅश न देता) जोडायचं. पण हा फक्त टीमक्सचा मामला नाही, बाहेरच्या टर्मिनललाही ते जमायला हवं आणि आत चाललेल्या एडिटरलाही. तिघांपैकी एक मागे राहिला तरी मागचंच. मी स्वतः या कींच्या नादी लागत नाही, प्रीफिक्सच्या मागे साधी अक्षरं भरपूर मोकळी असतात.

वेळेचे दोन ऑप्शन आहेत आणि दोन्ही न कळता त्रास देतात. पहिला एस्केप-टाइम. ऑल्ट-अक्षर म्हणजे टर्मिनलच्या भाषेत एस्केप आणि लगेच ते अक्षर, त्यामुळे एस्केप आला की टीमक्स थोडा थांबतो, पुढे काही येतंय का बघतो. जुन्या आवृत्त्यांत हे थांबणं 500 मिलिसेकंद होतं, म्हणजे विममध्ये एस्केप दाबला की अर्धा सेकंद मोड बदलतच नाही. विमवाल्यांची टीमक्सबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार हीच. सेट डॅश एस एस्केप-टाइम 10 करा, सुटतं. नव्या आवृत्त्यांत मूळ आकडाच 10 झालाय. पण पार 0 वर नेऊ नका, विशेषतः नेटवर्क लांबचं आणि डळमळीत असेल तर, कारण मग एस्केप आणि अक्षर वेगवेगळे पोचतात आणि ऑल्टचे शॉर्टकट कधी चालतात कधी नाही. "कधी चालतो कधी नाही" अशी तक्रार आली की मी पहिला हाच आकडा बघतो.

दुसरा रिपीट-टाइम. बाइंडला डॅश आर लावलं की प्रीफिक्स एकदाच दाबून ती की परत परत दाबता येते, मूळ मुदत 500 मिलिसेकंद. पेन लहान-मोठा करायला छान. पण मूळ कॉन्फिगमध्ये पेन बदलायच्या बाणांनाही ते लावलेलं आहे, आणि तिथे ते वैताग देतं. प्रीफिक्स, खालचा बाण, खालच्या पेनमध्ये आलात, लगेच मागची कमांड आणायला वरचा बाण दाबला, तर कमांड येत नाही, तुम्ही परत वरच्या पेनमध्ये. सावकाश दाबलं की नीट, भराभर दाबलं की बिघडलेलं, त्यामुळे माणूस कीबोर्डवर संशय घेतो. चारही बाण डॅश आरशिवाय पुन्हा बांधा, विषय संपला. हे मूळ सेटिंग असं का ठेवलंय हे मला आजही पटत नाही, टीमक्समधली मला न आवडणारी ही खरी गोष्ट.

प्रीफिक्सशिवायचे शॉर्टकट, म्हणजे डॅश एन लावून रूट टेबलात बांधलेले, हे जपून. रूटमध्ये गेलेली की आतल्या सगळ्या प्रोग्रॅमकडून काढून घेतली जाते. ऑल्ट-बी आणि ऑल्ट-एफ तिथे बांधले की बॅशमध्ये शब्दाशब्दाने मागेपुढे जाणं बंद. विम आणि टीमक्सचे पेन एकाच शॉर्टकटने बदलणारं विम-टीमक्स-नेव्हिगेटर प्लगिन खूप लोक लावतात, चांगलं आहे, पण ते कंट्रोल-एल घेतं आणि स्क्रीन साफ करायची सवय मोडते. प्रीफिक्सच्या मागे कंट्रोल-एलला सेंड-कीज कंट्रोल-एल बांधून ती परत मिळवता येते. प्रीफिक्स कंट्रोल-ए करणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवायचं, बॅशमध्ये ओळीच्या सुरुवातीला जायची की तीच आहे, म्हणून बाइंड कंट्रोल-ए सेंड-प्रीफिक्स ही ओळ विसरू नका, मग दोनदा दाबलं की आत पोचते. टीमक्सच्या आत एसएसएच करून दुसरं टीमक्स असेल तरी आतल्याला प्रीफिक्स पोचवायचा रस्ता हाच.

फाईलच्या लिखाणातले खड्डे थोडेच आहेत. एका शॉर्टकटमध्ये दोन कमांड द्यायच्या तर मधल्या अर्धविरामाआधी बॅकस्लॅश हवा, नाहीतर दुसरी कमांड शॉर्टकटचा भाग न होता फाईल लोड होतानाच चालून जाते. फाईल लोड केली की आपोआप पेन फुटतोय, अशी तक्रार असेल तर हेच. हॅशची की बांधायची तर अवतरणात ठेवा, नाहीतर तिथून पुढे कॉमेंट धरली जाते. आणि उभ्या फाळणीसाठी बॅकस्लॅशची की वापरणाऱ्यांनी ती दोनदा लिहावी, 3.0 मध्ये फाईल वाचायची पद्धत बदलली तेव्हापासून एकटा बॅकस्लॅश चालत नाही. फाईल लोड न करता नुसती तपासायची तर सोर्स-फाईलला डॅश एन आणि डॅश व्ही द्या.

जुन्या ब्लॉगवरून उचललेल्या फाईलींचं मोठं दुखणं मात्र आवृत्तीचं आहे. 2017 मध्ये आलेल्या 2.4 ने कॉपी मोडचे शॉर्टकट लिहायची रीतच बदलली. आधी डॅश स्मॉल टी आणि व्हीआय-कॉपी असं लिहायचे, आता डॅश कॅपिटल टी, कॉपी-मोड-व्हीआय, आणि पुढे सेंड-कीज डॅश कॅपिटल एक्स आणि कामाचं नाव. जुनी ओळ नव्यात टाकली की टीमक्स नुसती बाइंड-कीची चूक छापून मोकळा होतो. आणि उलटा त्रास अजून वाईट, लॅपटॉपवर नवं आणि सर्व्हरवर जुनं. सेंटओएस 7 वर 1.8 होतं, उबुंटू 20.04 वर 3.0ए, 22.04 वर 3.2ए, 24.04 वर 3.4. चार मशीनला एकच फाईल लावायची तर जी सगळ्यात जुनी आहे तिच्या हिशोबाने लिहा किंवा इफ-शेल (अट तपासून पुढची कमांड चालवणारी कमांड) लावून फाटे फोडा. सुरुवातीलाच टीमक्स डॅश कॅपिटल व्ही करून आवृत्ती बघायची सवय लावा.

कॉपी मोडचंच एक अजून, कारण हे फार जणांना छळतं. कॉपी-मोड-व्हीआयमध्ये सुंदर शॉर्टकट बांधलेत, यादीत दिसतात, तरी चालत नाहीत. मोड-कीज बघा. टीमक्स सुरू होताना एडिटर किंवा व्हिज्युअल या व्हेरिएबलमध्ये व्हीआय दिसलं तर तो व्हीआय पद्धत घेतो, नाहीतर ईमॅक्स पद्धत (या दोन एडिटरांच्या की वापरायच्या रीती). तुमच्या लॅपटॉपवर विम आहे म्हणून चाललं, सर्व्हरवर एडिटर नॅनो आहे म्हणून टीमक्स दुसऱ्याच टेबलात शोधतोय. फाईलमध्ये मोड-कीज व्हीआय स्वतः लिहून टाका.

इतर पर्यायांबद्दल दोन शब्द. झेलिज नावाचं रस्ट या भाषेत लिहिलेलं नवं मल्टिप्लेक्सर (टीमक्ससारखाच प्रोग्रॅम) आहे, त्याच्या खालच्या पट्टीवर आत्ता कुठल्या की चालतील ते सतत दिसतं, नवख्याला फार बरं. पण त्याच्या मूळ सेटिंगमध्ये कंट्रोल-पी, कंट्रोल-एन, कंट्रोल-ओ सगळं तोच घेतो, शेल आणि एडिटर वापरणाऱ्यांना लगेच टोचतं. नंतर त्यांनी आधी कुलूप उघडायची वेगळी पद्धत दिली ती बरी आहे. स्क्रीन अजून बऱ्याच सर्व्हरवर सापडतं आणि नुसतं सेशन जिवंत ठेवायला पुरतं. स्वतःचे शॉर्टकट, वेगवेगळी टेबलं, आणि कुठे काय बांधलंय ते विचारायची सोय, या तिन्हीत मला टीमक्सच पुढे वाटतं. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो गप्पपणाचा आणि त्या बाणांचा.

गप्पपणावर निदान प्रीफिक्सपुरता एक इलाज आहे. जरा नव्या आवृत्त्यांमध्ये एनी नावाची खास की मिळते, त्या टेबलात जी की बांधलेली नाही ती दाबली की हिला दिलेली कमांड चालते. बाइंड, डॅश कॅपिटल टी प्रीफिक्स, एनी, डिस्प्ले-मेसेज, "ही की बांधलेली नाही". आता प्रीफिक्सनंतर चुकीचं काही दाबलं की खाली ओळ उमटते, आणि ओळसुद्धा उमटली नाही तर की टीमक्सपर्यंत आलेलीच नाही, सरळ कॅट डॅश व्हीकडे वळायचं. त्या ज्युनिअरच्या फाईलमध्ये ही ओळ मी त्याच दिवशी टाकून दिली, तुम्ही पण टाका.